जत्रेतलं नाटक, चाळीस मीटरचं अंतर आणि डिशची वायर

हे प्रकरण गेल्या माघातलं. फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावच्या जत्रेला दरवर्षी गावातलीच मंडळी नाटक करतात, आणि या खेपेला संगीत नाटक घेतलेलं, म्हणजे ऑर्गन, तबला, नाट्यपदं सगळं आलं. गोव्याबाहेरच्यांना कदाचित नवल वाटेल, पण इथे जत्रा म्हणजे पालखी, खाज्याची दुकानं आणि पालखी झाल्यावर पहाटेपर्यंत मराठी नाटक, असं ठरलेलंच असतं. मास्टर दीनानाथ इथल्याच मंगेशीचे, १९०० सालचा जन्म, त्यामुळे नाट्यसंगीत म्हटलं की आमच्या म्हाताऱ्यांचे कान एकदम तिखट होतात, सूर जरा हलला तरी मागच्या खुर्चीतून आवाज येतो.

देवस्थान समितीतले अण्णा महिनाभर आधी घरी आले आणि म्हणाले, "बाबा, यंदा लाईव्ह पाहिजे, आमचे अर्धे गाणारे बोटीवर आणि आखातात आहेत, त्यांच्या घरच्यांनी मागे लागून जीव खाल्लाय." मी लग्नं, भजनी स्पर्धा, शाळांची गॅदरिंगं यांचं व्हिडिओचं काम करतो, सोबत भाचा असतो. हो म्हटलं. साऊंडचं काँट्रॅक्ट दुसऱ्याकडे, लाईटवाला तिसरा, आमच्याकडे फक्त तीन कॅमेरे, रेकॉर्डिंग आणि लाईव्ह. कॅमेरे होते, मिक्सर होता, लॅपटॉप होता, सगळं चांगलंच. आणि तरी रंगीत तालमीच्या रात्री जे काही बिघडलं ते सगळंच्या सगळं वायरींमुळे बिघडलं, म्हणून हे सविस्तर लिहितोय. आपल्याकडे कॅमेऱ्यावर लाख खर्च करतात आणि वायर मात्र "घरात पडलीय ती घे" अशी असते.

आधी जागा समजून घ्या. स्टेज देवळासमोरच्या माटवात, म्हणजे मांडवात. आमचं टेबल प्रेक्षकांच्या मागे, स्टेजपासून बरोबर ४० मीटर. दुसरा कॅमेरा प्रेक्षकांच्या मधून, टेबलापासून २० मीटर. तिसरा कॅमेरा अग्रशाळेच्या, म्हणजे देवळाच्या धर्मशाळेच्या माडीवर, तिथून पूर्ण स्टेज दिसतं, पण वायर कौलांच्या कडेने फिरवून आणायची म्हणजे ५५ मीटर. साऊंडवाल्याचा मिक्सर स्टेजच्या डाव्या विंगेत. साऊंड आणि लाईट दोन्ही जनरेटरवर, आमचं टेबल अग्रशाळेतल्या प्लगवर. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, पुढे त्यानेच रात्र खाल्ली.

तालीम सुरू झाली, नांदी झाली, आणि माझ्या हेडफोनमध्ये नांदीच्या खाली एक घों असा आवाज. बाहेर स्पीकरवर काहीच नाही, स्वच्छ, फक्त आमच्या रेकॉर्डिंगमध्ये. साऊंडवाला दादा म्हणतो, "माझ्याकडे सगळं क्लीन आहे, तुमच्या मशीनचा प्रॉब्लेम असेल." मला राग आला खरा, पण तो बरोबरच बोलत होता, त्याच्याकडे क्लीनच होतं. आवाज वाटेत घुसत होता.

वाट कशी होती सांगतो. त्याच्या मिक्सरच्या रेकॉर्ड आऊटला, म्हणजे आरसीएच्या (जुन्या डेकला असतात तशा) दोन पिनांना, कोणीतरी कधीतरी सोल्डर करून केलेली लांब वायर लावलेली, पुढे एक जोड, मग आमच्याकडे ईपी पिन, म्हणजे हेडफोनची बारीक पिन. ४० मीटर. आणि ती वायर बांबूला बांधत आणलेली, नेमकी डिमरच्या, म्हणजे लाईट कमीजास्त करणाऱ्या मशीनच्या पॉवर वायरींना चिकटून, तोच बांबू, तीच सुतळी.

आरसीए आणि ईपीची वायर ही घरातल्या टीव्हीपासून शेजारच्या डेकपर्यंत जाण्यासाठी. तिच्यात आत एक तार आणि बाहेर जाळी, आणि तीच जाळी परतीचा रस्ताही असते. वाटेत जे काही चिकटेल ते सरळ सिग्नलमध्ये मिसळतं, त्याला वेगळं काढायची सोयच नाही. शिवाय त्या आऊटपुटची पातळीही कमी, मायनस १० डीबीव्ही म्हणजे साधारण ०.३१६ व्होल्ट, आणि प्रोफेशनल लाईन आऊट प्लस ४ डीबीयू म्हणजे १.२३ व्होल्ट, दोघांत जवळजवळ १२ डीबीचा फरक. म्हणजे सिग्नल बारका आणि वाट लांब.

कॅननची वायर, म्हणजे एक्सएलआर, तीन पिनवाली, ती वेगळ्या विचाराने केलेली आहे. पिन १ जाळी, पिन २ आणि ३ वर तोच सिग्नल पण एकमेकांच्या उलट. दोन्ही तारा एकमेकींभोवती पीळ घालून असतात त्यामुळे वाटेत जी घाण चिकटते ती दोघींना सारखीच चिकटते. पुढच्या टोकाला मशीन दोघींतला फरक घेतं, सारखं असलेलं गळून जातं, उलट असलेलं म्हणजे आपला आवाज तेवढा राहतो. म्हणून माईकचा मिलिव्होल्टमधला सिग्नलसुद्धा पन्नास-साठ मीटर आरामात जातो. एकदा हे डोक्यात बसलं की लांबचं सगळं कॅननवरून आणायचं हे पाठ करावं लागत नाही.

पण घों काढायला नुसती वायर बदलून भागलं असतं का, हे मला तेव्हा माहीत नव्हतं, म्हणून आधी कारण शोधलं. लाईटवाल्या पोराला सांगितलं, सगळे फेडर हळूहळू खाली घे. आवाजातला वरचा झर्रर्र असा पातळ भाग लाईटबरोबर बदलत गेला आणि शेवटी नाहीसा झाला. तो डिमरचा. डिमर लाटेचा तुकडा कापतो आणि त्या कापण्यातून खरखर तयार होते, शेजारची वायर ती पिते. पण खालचा जाड हुं तसाच राहिला. तो ५० हर्ट्झचा, प्लगमधल्या विजेचा. मग रेकॉर्डरचा ॲडाप्टर काढला, लॅपटॉपची वायरही काढली, रेकॉर्डर नुसत्या बॅटरीवर ठेवला. हुं गायब. परत ॲडाप्टर लावला, परत हुं.

म्हणजे दोन रोग होते आणि दोघांचं औषध वेगळं. दुसरा तो ग्राऊंड लूप. जनरेटरचा अर्थ, म्हणजे अर्थिंग, वेगळा, अग्रशाळेचा अर्थ वेगळा, दोघांत थोडासा फरक असतोच, आणि आमच्या ऑडिओ वायरच्या जाळीने ते दोन्ही अर्थ जोडून टाकलेले, मग त्या जाळीतून करंट वाहायला लागला आणि आवाजाचा परतीचा रस्ताही तीच जाळी.

इथे एक गोष्ट घडली ती सांगायलाच हवी. मदतीला आलेला एक पोरगा पक्कड घेऊन आमच्या एक्स्टेन्शन बोर्डाची अर्थची जाड पिन तोडायला निघालेला, म्हणाला सगळे असंच करतात, हुं लगेच जातो. हुं जातो हे खरं आहे. पण माघातल्या रात्री दव इतकं पडतं की माटवाबाहेरची जमीन ओली असते, नट अनवाणी, हातात लोखंडी माईक, आणि मशीनमध्ये कुठे लीकेज झालं तर करंटला जायला माणूस सोडून दुसरी वाट राहत नाही. मी त्याच्या हातातून पक्कड काढून घेतली आणि जरा मोठ्यानेच बोललो. नंतर चहा पाजला त्याला, पण ते बोलणं परत घेतलं नाही. अर्थची पिन तोडायची नाही, कधीच नाही, नाटक बंद पडलं तरी.

खरं औषध एवढंच होतं. मिक्सरच्या कॅनन आऊटमधून ४० मीटर माईक केबल, आणि आमच्या टेबलाजवळ ट्रान्सफॉर्मरवाला आयसोलेटर डबा, त्यावर ग्राऊंड लिफ्टचा खटका. ट्रान्सफॉर्मरमध्ये आवाज चुंबकातून पलीकडे जातो, तारेतून नाही, त्यामुळे इकडची आणि तिकडची तार जुळतच नाही. लिफ्टचा खटका ऑडिओ वायरची जाळी सोडवतो, पॉवरचा अर्थ जिथल्या तिथे राहतो. वायर बांबूवरून काढून दुसऱ्या बाजूने, केळीच्या खांबांमागून आणली, आणि पॉवरची वायर जिथे ओलांडायची होती तिथे काटकोनात ओलांडली, समांतर कुठेच नाही. हेडफोन लावले. काहीच ऐकू येईना म्हणून एक क्षण घाबरलो, मग ऑर्गनवाल्या काकांनी सूर धरला आणि तो स्वच्छ आला.

त्यातही एक चूक केलीच. रेकॉर्डरचं इनपुट माईकवर राहिलं होतं आणि आता येत होता लाईनचा सव्वा व्होल्ट, पहिलीच तान फाटली. इनपुट लाईनवर केलं, ठीक झालं. पिन तीच, भोक तेच, पण मिलिव्होल्ट घेणारं दार वेगळं आणि व्होल्ट घेणारं दार वेगळं.

आता तबला. तबलजी काका म्हणाले वर टांगलेला कंडेन्सर माईक लावा, नुसत्या डायनॅमिकमध्ये चाट नीट येत नाही. साऊंडवाल्या दादाने लावला, ४८ व्होल्टचा फँटम, म्हणजे कंडेन्सरला वायरीतूनच जाणारी वीज, चालू केला, माईक मेला. दादाने तीच वायर डायनॅमिक माईकला लावून दाखवली, आवाज आला. "वायर ओके आहे, माईक गेलाय तुझा." दुसरा कंडेन्सर लावला, तोही मेला. मग मी कॅननचा मागचा स्क्रू सैल करून आतला भाग बाहेर ओढला आणि टॉर्च मारला. पिन १ ची जाळी सोल्डरपासून सुटून बाजूला उभी होती, टोकाला हिरवट. बाकी दोन तारा जाग्यावर. डायनॅमिक माईकला आवाज द्यायला पिन २ आणि ३ पुरतात, जाळी तुटली तरी तो बोलतो, फार तर जरा गुणगुणतो. कंडेन्सरला मात्र फँटमचा करंट पिन १ वरूनच परत जायचा असतो, ती वाट तुटली की संपलं. म्हणजे ज्या माईकने वायर तपासली तो माईकच असा की हा बिघाड त्याला कळणार नाही. तेव्हापासून आम्ही वायर तपासतो ती तिन्ही पिना वेगवेगळ्या दाखवणाऱ्या टेस्टरवर, आणि तपासताना कनेक्टरजवळ हलवून.

तो हिरवटपणा पावसाळ्याचा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत इतकं पाणी असतं की बॅगेत गुंडाळून ठेवलेली वायर ऑक्टोबरात काढली की कनेक्टर काळे झालेले असतात, किनाऱ्याजवळच्या लोकांचं तर मिठामुळे आणखी लवकर. आता मी झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवतो आणि हंगाम सुरू व्हायच्या आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने सगळ्या पिना पुसतो, एक दुपार जाते.

व्हिडिओची कथा जास्त लांब आहे. पहिला कॅमेरा टेबलाशेजारी, तीन मीटर एचडीएमआय, त्याने काही त्रास दिला नाही.

दुसऱ्या कॅमेऱ्याला २० मीटर. साधी तांब्याची एचडीएमआय वायर इतक्या लांब भरवशाची राहत नाही, फुल एचडी १० मीटरपर्यंत निवांत, १५ ला नशीब, आणि फोर-के ६० फ्रेम असेल तर पाच मीटरच्या पुढे मी जाणारच नाही. दहा-दहाच्या दोन वायरी मध्ये जोड घालून लावायचा प्रयोग मी एका लग्नात केलेला आहे, वरमालेच्या वेळी स्क्रीन काळी झाली, तो दिवस पुन्हा नको. म्हणून ऑप्टिकल एचडीएमआय घेतलेली, आत काचेचा धागा असतो आणि दोन्ही टोकांना बारीक इलेक्ट्रॉनिक्स. तिला दिशा असते. एका टोकावर सोर्स लिहिलेलं, दुसऱ्यावर डिस्प्ले. भाच्याने खुर्च्यांच्या खालून व्यवस्थित टेप मारत मारत सगळी घातली आणि उलटी घातली. चित्र नाही. वीस मीटर टेप पुन्हा उचकटून पुन्हा घातली. आता आमच्या त्या वायरच्या सोर्सच्या टोकाला लाल टेप आहे, अंधारातसुद्धा दिसेल असा.

तिसरा कॅमेरा माडीवरचा, ५५ मीटर. इथे एचडीएमआयचा विषयच नाही, इथे एसडीआय, म्हणजे व्हिडिओ लांब न्यायची पद्धत. कॅमेऱ्याला फक्त एचडीएमआय आऊट होता म्हणून शेजारी कन्व्हर्टर ठेवला, तिथून बीएनसी, म्हणजे फिरवून बसणारा कनेक्टर, लावून कोॲक्स वायर, टीव्हीच्या केबलसारखी, मध्ये एक तार आणि भोवती जाळी. आणि कोॲक्स कुठली? अण्णा म्हणाले, "माझ्याकडे डिशची वायर आहे अख्खा बंडल, नवी कोरी, आरजी-६ लिहिलंय बघ तिच्यावर." मी बघितलं, खरंच आरजी-६ लिहिलेलं, ७५ ओहम लिहिलेलं. एसडीआयला ७५ ओहमच लागते. ५० ओहमची आरजी-५८, वायरलेस सेटची असते ती, तिला पण बीएनसी बसतो आणि लोक लावतात, ती चूक मी केली नसती. पण ही तर ७५ च होती. घरी तिचा पाच मीटरचा तुकडा लावून बघितला, चित्र उत्तम. म्हटलं झालं काम, पैसे वाचले.

माडीवरून ५५ मीटर घातल्यावर चित्रात पांढरे ठिपके चमकायला लागले, मग अर्धा सेकंद काळं, मग परत चित्र. डिजिटलचं हे असंच, ॲनालॉगसारखं हळूहळू धूसर होत नाही, काठापर्यंत सगळं ठीक दिसतं आणि काठ ओलांडला की एकदम कोसळतं. म्हणून पाच मीटरवर बघून पंचावन्नचा अंदाज बांधता येत नाही, तपासायचं तर पूर्ण लांबी अंथरून तपासायचं. हे मला माहीत असायला हवं होतं.

रात्री दीड वाजता, तालीम संपल्यावर, भाचा आणि मी त्या वायरचं टोक सोलून बसलो. मधली तार लालसर तांब्याची, चकचकीत. साऊंडवाल्या दादाच्या पेटीत जुन्या फुटक्या स्पीकरचं मॅग्नेट पडलेलं, भाच्याने सहज ते जवळ नेलं आणि तार टुणकन जाऊन चिकटली. तांबं कधी मॅग्नेटला चिकटतं का? आत लोखंड होतं, पोलादी तारेवर तांब्याचा मुलामा. ब्लेडने खरवडलं तर खालून राखाडी निघालं.

अण्णांना वाटलं दुकानदाराने फसवलं, तावातावाने फोन करायला निघाले. मी थांबवलं, कारण फसवलेलं नव्हतंच. डिशचा सिग्नल ९५० ते २१५० मेगाहर्ट्झचा, इतक्या वरच्या फ्रिक्वेन्सीला करंट तारेच्या फक्त कातडीतून वाहतो, म्हणजे तांब्याच्या मुलाम्यातून, आत पोलाद असो की काही असो फरक पडत नाही, उलट पोलादामुळे तार ओढताना तुटत नाही. एसडीआय मात्र खालपासून वरपर्यंत पसरलेला असतो, त्यात खूप खालच्या फ्रिक्वेन्सीही असतात, आणि तिथे करंट आतपर्यंत उतरतो आणि पोलादात अडतो. वर पुढच्या टोकाला मशीनमध्ये जी दुरुस्ती होते, म्हणजे वाटेत झालेली झीज भरून काढणारा इक्वलायझर, तो तांब्याच्या वायरची झीज धरून बसवलेला. पोलादी तारेची झीज वेगळ्या आकाराची, त्यामुळे तो भलतंच भरून काढतो. वायर चांगली, सिग्नल चांगला, जोडी चुकलेली.

सीसीटीव्हीच्या कोॲक्सबद्दलही तेच म्हणेन, बऱ्याच जणांकडे ती पडलेली असते आणि तिला बीएनसी आधीच लावलेला असतो म्हणून मोह होतो. तिच्यात बऱ्याचदा जाळी इतकी विरळ असते की सोलल्यावर बोटावर चार केस आल्यासारखं वाटतं.

मग काय केलं. एक, फ्रेम रेट उतरवला. आम्ही १०८० पी ५० वर, म्हणजे सेकंदाला ५० फ्रेमवर चालवत होतो, त्याला ३जी-एसडीआय, म्हणजे एसडीआयचा जास्त वेगाचा प्रकार लागतो, सेकंदाला २.९७ गिगाबिट. १०८० पी २५ ला १.४८५ गिगाबिट पुरतं, बरोबर निम्मं, आणि लाईव्ह तरी आम्ही २५ फ्रेमवरच पाठवत होतो, मग वाटेत दुप्पट ओझं कशाला. नाटकात कोणी क्रिकेटचा बॉल टाकत नाही. ठिपके कमी झाले पण गेले नाहीत. दोन, सकाळी भाचा मडगावला गेला, तिथे माझा एक जुना दोस्त आहे, त्याच्याकडून शुद्ध तांब्याच्या मधल्या तारेची, दुहेरी जाळीची ६० मीटर आरजी-६ दोन दिवसांसाठी आणली. अशा चांगल्या वायरवर ३जी सुद्धा ७०-८० मीटर जातं, आम्ही तर निम्म्या गिगाबिटवर होतो. दुपारभर चालू ठेवून बघितलं, एक ठिपका नाही. ५० फ्रेमवर परत जाता आलं असतं, मी गेलो नाही, रात्री दव पडणार होतं आणि मला हातात ढील हवी होती.

कौलांच्या कोपऱ्यावर मात्र ती वायर काटकोनात मोडू दिली नाही, वाटीच्या गोलाईएवढा मोठा वळसा दिला. कोॲक्समध्ये मधली तार आणि जाळी यांच्यातलं अंतर सगळीकडे सारखं राहिलं पाहिजे, चेपलं की ७५ ओहम ७५ राहत नाहीत. सुतळीने आवळून बांधणाऱ्यांना हे सांगून पटत नाही, म्हणून मी स्वतः चढलो.

लॅपटॉपकडे एक छोटा घोळ. कॅप्चर कार्ड, म्हणजे चित्र लॅपटॉपमध्ये घेणारा डबा, लावल्यावर चित्र अडखळत होतं. भाच्याने त्याच्या मोबाईल चार्जरची यूएसबी-सी वायर लावलेली. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात, पण चार्जिंगच्या बहुतेक वायरींत डेटाचा रस्ता यूएसबी २ चा, ४८० मेगाबिट, कार्डाला पाहिजेत ५ गिगाबिट. कार्डाबरोबर आलेली एक मीटरची वायर शोधून काढली, प्रश्न मिटला.

इंटरनेट देवस्थानच्या ऑफिसातून ७० मीटर कॅट-६ ने, म्हणजे नेटवर्कच्या वायरीने आणलं. इथरनेटची हद्द १०० मीटर, त्यात बसत होतं. पण त्याही वायरचं टोक खरवडून बघितलं, सवयच लागली होती आता, आणि आतून पांढरं निघालं, ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. हे मॅग्नेटला चिकटत नाही, ब्लेडनेच कळतं. गिगाबिटऐवजी १०० मेगाबिटवर जुळत होतं. मी ती बदलली नाही. आम्हाला वर पाठवायचे होते ६ मेगाबिट, त्याला ती पुरेशी होती आणि तासभर पिंग लावून, म्हणजे जोडणी तपासत ठेवून बघितलं, एकदाही चुकला नाही. हीच वायर पीओई कॅमेऱ्याला, म्हणजे जिथे त्याच वायरीतून पॉवरही जाते, तिथे मी लावली नसती, ॲल्युमिनियमचा रोध जास्त, गरम होते. प्रत्येक वेळी महागातलीच घ्या असं माझं म्हणणं अजिबात नाही, काय जाणार आहे आणि किती लांब जाणार आहे एवढं विचारा आणि मग घ्या.

स्पीकरच्या बाबतीत साऊंडवाल्या दादाशी माझा थोडा वाद झाला, पण तो ऐकणारा माणूस आहे. मागच्या बाजूला बायका बसतात तिथले दोन स्पीकर कमी ऐकू येत होते. तिथपर्यंत ४० मीटर तेवीस शहात्तरची वायर नेलेली, दिव्याच्या माळेला असते तशी. तेवीस शहात्तर म्हणजे २३ तारा, एकेक ०.००७६ इंचाची, सगळ्या मिळून जेमतेम ०.६७ चौरस मिलिमीटर. जाऊन येऊन ८० मीटर तांबं, रोध होतो दोन ओहम. स्पीकर आठ ओहमचा. म्हणजे स्पीकरला मिळायचे १०० वॉट असतील तर ६३ च पोचतात. आवाज वाढवत राहायचं आणि ॲम्प्लिफायर तापत राहायचा. दादाकडेच अडीच चौरस मिलिमीटरची, स्पीकॉन, म्हणजे स्पीकरचा लॉकवाला कनेक्टर, लावलेली लांब वायर होती, पण ती स्टेजजवळच्या स्पीकरला, सहा मीटरच्या अंतराला. "दादा, अदलाबदल कर ना," म्हटलं. केली. तिकडे आता १०० तले ८७ पोचायला लागले आणि इकडच्या सहा मीटरला बारीक वायरनेही काही बिघडत नव्हतं. एक पैसा खर्च नाही.

त्याच वेळी दिसलं की ऑर्गनवाल्या काकांच्या मॉनिटर स्पीकरला पी-३८ ची, म्हणजे जाड पिनेची, गिटारची वायर लावलीय. पी-३८ दोन्हीकडे बसते म्हणून हे फार होतं. गिटारच्या वायरीत आतली तार केसासारखी, तिला स्पीकरचा करंट झेपत नाही, तापून आतलं प्लास्टिक वितळलं की शॉर्ट आणि ॲम्प्लिफायर गेला. उलट स्पीकरची वायर वाद्याला लावली तर जाळी नसल्यामुळे घों. ती पण बदलली.

जत्रेच्या रात्री पालखी यायला उशीर झाला, पडदा उघडला तेव्हा साडेअकरा झालेले. संध्याकाळपासून आम्ही जमिनीवर पडलेला प्रत्येक जोड उचलून दगडावर नाहीतर खुर्चीच्या पायाला बांधला होता आणि वायरीला जोडाच्या आधी खाली झोळ दिला होता, म्हणजे दवाचं पाणी झोळातून गळेल, कनेक्टरमध्ये जाणार नाही. दोन वाजता हात लावला तर टेबलाचं प्लास्टिक चिंब होतं, कनेक्टर कोरडे.

दुसऱ्या अंकात माडीवरचं चित्र गेलं. माझ्या पोटात खड्डा पडला, वाटलं पुन्हा तीच कोॲक्स. तसं नव्हतं. माडीवर एक पोर वायरला पाय अडकून पडलेलं, बीएनसीला फिरवून लॉक असतो, तो जागचा हलला नाही, पण कॅमेऱ्यापासून कन्व्हर्टरपर्यंतची अर्ध्या हाताची एचडीएमआय वायर निघून आली, तिला लॉक नसतो. कॅमेऱ्यावरच्या पोराने लगेच खोचली. मी तोवर पहिल्या कॅमेऱ्यावर कट केलेला, बघणाऱ्यांना फार कळलं नसावं. पोराला लागलं नाही. ५५ मीटरची काळजी घेतली आणि अर्ध्या हाताची राहिली. आता कन्व्हर्टर ट्रायपॉडलाच बांधतो आणि ती छोटी वायर वेलक्रोने कॅमेऱ्याच्या पिंजऱ्याला आवळतो.

पावणेचारला भैरवी झाली. तबलजी काका घाम पुसत आमच्या टेबलापाशी आले, हेडफोन मागितले आणि स्वतःच्याच साथीची पाच मिनिटं डोळे मिटून ऐकली. काही बोलले नाहीत, फक्त जाताना भाच्याच्या पाठीवर थाप मारली. सकाळी अण्णांच्या मोबाईलवर बोटीवरच्या पोरांचे व्हॉइस मेसेज आलेले, एकाने विचारलेलं की दुसऱ्या पदात डग्ग्याची मींड इतकी स्पष्ट कशी आली, मागच्या वर्षी मोबाईलवरून दाखवलेलं तेव्हा नुसता गोंगाट होता.

उजाडल्यावर आम्ही वायरी गोळा केल्या, एक वेढा सरळ, एक वेढा उलटा, म्हणजे आत पीळ बसत नाही आणि पुढच्या वेळी फेकली की सरळ उलगडते. कोपर आणि पंजाभोवती गुंडाळणाऱ्यांच्या हातात मी माझी वायर देत नाही. प्रत्येकीवर टेप लावून लांबी आणि काम लिहिलं. मडगावची ६० मीटर पुसून वेगळ्या पिशवीत ठेवली, दोस्ताला परत द्यायची होती.

डिशच्या वायरचा बंडल मी अण्णांना परत दिला. त्यांच्या घरी गच्चीवरून टीव्हीपर्यंत आता तीच घातलीय, परवा चहाला गेलो तेव्हा चालू होती, चित्र एकदम स्वच्छ.